पडद्यावरचा फौजदार आणि आपली वस्ती



गेल्या पौर्णिमेला विहारातली वंदना आटोपली, खीरदान झाले आणि मंडळी घरोघर निघाली. पायऱ्यांवर चार-पाच पोरे एका मोबाईलभोवती डोकी जुळवून बसली होती. 'सिंबा' चित्रपटातला प्रसंग चालला होता. पोलीस ठाण्यातच दोन आरोपींना गोळ्या घातल्या गेल्या आणि पोरांनी टाळ्या पिटल्या. फुटपाथवर भाजी विकणाऱ्या आमच्या वस्तीतल्या एक आजी शेजारीच टेकल्या होत्या. त्यांनी विचारले, "का रं बाबांनो, त्यांना कोर्टात न्हेलंच न्हाई?" पोरे हसली. "आजी, पिक्चर आहे हा!" आजी म्हणाल्या, "पिक्चर हाय ते कळतंय मला. पर टाळ्या तुमी खऱ्या वाजवल्या की."

आजींच्या धाकट्या भावाला फार वर्षांपूर्वी सायकलचोरीच्या संशयावरून उचलून नेले होते. तीन दिवस चौकीत ठेवले. सायकल पुढे मालकाच्याच नातेवाईकाकडे सापडली. सोडताना कुणी चूक झाली असे म्हटले नाही. भाऊ मात्र नंतर त्या रस्त्याने कधी गेला नाही, लांबच्या वळणाने कामावर जायचा. म्हणून आजींचा प्रश्न आम्हाला साधा वाटला नाही. आज त्याच प्रश्नावर चार शब्द लिहितो.

आम्ही सिनेमाचे वैरी नव्हे. आठवडाभर घाम गाळणाऱ्या माणसाला दोन-अडीच तासांची करमणूक हवीच. गिरणगावातल्या आपल्या बापजाद्यांनी लालबागच्या भारतमाता टॉकीजबाहेर हौसेने रांगा लावल्या. पण मुलाच्या ताटात काय वाढले हे आपण जसे बघतो, तसे त्याच्या डोळ्यांपुढे काय वाढले जाते हेही बघायला हवे. गुन्हेगारीवरच्या चित्रपटांत पोलिसांचा भ्रष्टाचार हमखास असतो आणि तो बहुधा आपल्यासारख्याच वस्तीत घडतो. तेथली गटारे, पत्र्याची छपरे, अंधाऱ्या गल्ल्या सगळे असते. फक्त तेथला माणूस नसतो. असलाच तर पळताना, मार खाताना किंवा मेलेला दिसतो.

१९७३ साली 'जंजीर' आला. त्यातला इन्स्पेक्टर विजय विकला जात नाही, म्हणून त्याच्यावरच लाचखोरीचा खोटा आळ घालून त्याला तुरुंगात धाडतात. तेथे चांगला आणि वाईट यांच्यात रेघ स्वच्छ मारलेली होती. दहा वर्षांनी, १९८३ साली, गोविंद निहलानी यांचा 'अर्धसत्य' आला आणि ती रेघ पुसली गेली. श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या मराठी कथेवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली होती. ओम पुरी यांनी फौजदार अनंत वेलणकर उभा केला आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. सदाशिव अमरापूरकर यांचा रामा शेट्टी जुन्या मंडळींच्या अजून डोळ्यांपुढे असेल.

या चित्रपटात एक प्रसंग आहे. झोपडपट्टीतला एक गरीब माणूस चौकीवर येतो. काही गुंड आपल्या बायकोला त्रास देतात, अशी तक्रार करतो. वेलणकर गुंडांना पकडून आत टाकतो आणि बेदम चोपतो. आपल्याला वाटते, चला, न्याय झाला. पण लगेच आमदार उठतो. या फौजदाराला सस्पेंड करा म्हणतो. कारण गुंड त्याचे असतात. सभेला आणि निवडणुकीला लागणारी दमदाटी तेच पुरवतात. वेलणकरचा वरिष्ठ हैदर अली त्याला ही सगळी साखळी समजावून सांगतो. मग दिल्लीपर्यंत ओळख असलेला एक मध्यस्थ गाठला जातो आणि वेलणकरची नोकरी तेवढ्यापुरती वाचते.

भ्रष्टाचार म्हणजे टेबलाखालून दिलेले पाकीट, असे आपण समजतो. येथे वेलणकरच्या हातावर एक पैसाही पडत नाही. तरीही प्रामाणिक माणसाला वाचायचे असेल तर त्याच वशिल्याच्या दारातून वाकून जावे लागते. आणि ज्या बाईसाठी तक्रार झाली तिचे पुढे काय झाले, हे विचारायला कुणाला सवड नसते. चौकीत गुंडांना चोप मिळाला, पण तिच्या गल्लीत ते परत आले की नाही? आपल्या माता-भगिनींना हा प्रश्न आधी सुचेल, याची आम्हाला खात्री आहे.

हप्त्याचेही तसेच आहे. पडद्यावर नोटांनी भरलेली सुटकेस उघडते. प्रत्यक्षात हप्ता फार लहान असतो आणि रोजचा असतो. ज्याची टपरी बेकायदा, ज्याचे झोपडे बेकायदा, ज्याच्या हातगाडीला परवाना नाही, त्याच्यापुढे कोणीही उभे राहून हात पसरू शकतो. गरिबाचे जगणेच कायद्याबाहेर ठेवले, की त्याच्या प्रत्येक दिवसाला किंमत लावता येते. २०१४ साली फेरीवाल्यांसाठी संसदेने पथविक्रेता कायदा केला. त्यात फेरीवाल्यांची नोंद करणे, त्यांना प्रमाणपत्र देणे हे सांगितले आहे. जेथे हे कागद वेळेवर हातात पडत नाहीत, तेथे हप्त्याचा धंदा चालू राहतो. हे कुठला चित्रपट दाखवतो? आजींच्या टोपलीतून फुकट उचललेली कोथिंबिरीची जुडी पडद्यावर येत नाही, कारण तिच्यात थरार नाही.

पुन्हा 'अर्धसत्य'कडे येऊ. वेलणकर खचत जातो, दारूला लागतो. ट्रान्झिस्टर चोरल्याच्या संशयावरून आणलेल्या एका भुरट्या चोराला तो कोठडीत इतका मारतो की तो मरतो. मग नोकरी वाचवण्यासाठी तो ज्या रामा शेट्टीला पकडू पाहत होता त्याच्याच दारी जातो. शेट्टी त्याला आपल्या पायाशी बसवू पाहतो, तेव्हा वेलणकर त्याचा गळा आवळतो आणि स्वतः पोलिसांत हजर होतो. आता सांगा, मेलेल्या त्या चोराचे नाव तुमच्यापैकी किती जणांना आठवते? वेलणकर सर्वांना आठवतो, शेट्टी आठवतो. वेलणकर सुटणार की बुडणार, या काळजीने आपण खुर्चीच्या कडेवर येतो. एका ट्रान्झिस्टरसाठी जीव गेलेल्याच्या घरी कोण वाट पाहत होते, ही काळजी आपल्याला शिवत नाही. आम्ही चित्रपटाला दोष देत नाही. हे सत्य अर्धे आहे, असे त्याने आपल्या नावातच सांगून टाकले आहे. उरलेले अर्धे आपल्याकडे होते, ते आपण शोधले नाही.

कौटुंबिक पानावर लिहीत आहोत म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वेलणकरचा बाप स्वतः शिपाई होता. तो बायकोला मारायचा आणि पोरगा ते बघत वाढला. त्याच पोराने मोठेपणी कोठडीत हात उगारला. स्मिता पाटील यांची ज्योत्स्ना त्याच्यावर प्रेम करते, पण त्याच्यातल्या या मारहाणीला भिते आणि दूर होते. चौकीतला पट्टा पुष्कळदा आधी घरात सुटलेला असतो. पोलिसांच्या दंडुक्याविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या आपल्यापैकी कोणी संध्याकाळी घरी जाऊन बायका-पोरांवर हात टाकत असेल, तर त्याने हा चित्रपट पुन्हा एकदा बघावा.

'अर्धसत्य'नंतर पस्तीस वर्षांनी, २०१८ साली, रोहित शेट्टी यांचा 'सिंबा' आला. आता फरक पाहा. त्यातला संग्राम भालेराव लाच खाणारा अधिकारी आहे आणि त्याची लाचखोरी विनोद म्हणून दाखवली आहे. पुढे एका मुलीवर अत्याचार करून तिला मारले जाते आणि याचे डोळे उघडतात. डोळे उघडल्यावर तो काय करतो? ठाण्यातच आरोपींना मारून टाकतो आणि ते चकमक म्हणून खपवतो. म्हणजे लाच घेणे हा गंमतीचा गुन्हा आणि कोठडीत माणूस मारणे हे त्याचे प्रायश्चित्त! वेलणकरच्या हातून कोठडीत माणूस मेला तेव्हा चित्रपट हादरला होता. येथे चित्रपट शिट्ट्या मागतो. पोलिसांचा भ्रष्टाचार पैशातच असतो, अधिकाराच्या गैरवापरात नसतो, असे आपल्या पोरांच्या मनावर ठसते.

आया-बहिणींच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. खैरलांजीचे दुःख उरात असलेला समाज दुसरे काय म्हणेल? पण ज्या बंदुकीला न्यायालय विचारत नाही, ती बंदूक उद्या कुणाकडे वळेल? श्रीमंताच्या पोराकडे की आपल्या? २००६ साली वाशीहून उचललेल्या एका माणसाला मुंबईत वर्सोव्याला मारून चकमक झाल्याचे दाखवले गेले. २०१३ साली सत्र न्यायालयाने त्या प्रकरणात १३ पोलिसांना जन्मठेप दिली आणि २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांची शिक्षा कायम ठेवली. मुंबईतल्या चकमकींबद्दलच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १६ सूचना घालून दिल्या. चकमकीत माणूस मेला तर गुन्हा नोंदवावा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, आणि चकमकीनंतर लगेच बढती वा शौर्यपदक देऊ नये, असे त्यात सांगितले आहे. पडद्यावर मात्र पदक आधी आणि चौकशी आलीच तर खलनायकासारखी येते.

मग कोठडीच्या आतून दिसणारा चित्रपट कुणी काढलाच नाही काय? काढला आहे. वेट्रीमारन यांचा 'विसारणै' हा तामिळ चित्रपट २०१६ साली आपल्याकडे प्रदर्शित झाला. एम. चंद्रकुमार यांच्या 'लॉक अप' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. हे चंद्रकुमार कोण? कोइमतूरचे रिक्षाचालक. स्वतः कोठडीत जे भोगले ते त्यांनी लिहून काढले. चित्रपटात तामिळनाडूतून आंध्रातल्या गुंटूर शहरात पोटासाठी आलेली मजूर पोरे आहेत. एका मोठ्या घरी चोरी होते. वरून दबाव येतो. पोलिसांना चोर सापडत नाही, म्हणून ज्यांच्यामागे कोणी नाही अशी ही पोरे पकडून कबुलीसाठी मारतात. येथे मारणाऱ्याच्या मनाची घालमेल आपण बघत नाही. मार खाणाऱ्यांच्या पाठीला पाठ लावून बसतो.

पुढे तामिळनाडूचा एक इन्स्पेक्टर त्यांची भाषा जाणतो म्हणून ती सुटतात. तो त्यांना आपल्या ठाण्याची झाडझूड करायला नेतो. फरशी पुसता पुसता त्यांच्या कानावर नको ते पडते, राजकारण्यांच्या पैशाचा आणि एका हिशेबनिसाच्या मृत्यूचा मामला. तेवढ्यापायी त्यांचा जीव जातो, आणि त्यांना वाचवू पाहणारा तो इन्स्पेक्टरही वाचत नाही. म्हणजे भ्रष्टाचार वर कोटींत चालतो आणि त्याची किंमत खाली फरशी पुसणारा मोजतो. हा चित्रपट लहान मुलांना दाखवण्यासारखा नाही, मारहाण फार आहे. मोठ्यांनी मात्र छाती घट्ट करून बघावा.

मुंबईचीच गोष्ट पाहिजे असेल तर पा. रंजित यांचा 'काला' आहे, २०१८ सालचाच, म्हणजे 'सिंबा'च्याच वर्षाचा. धारावीची जमीन हडपू पाहणारा पुढारी आणि त्याच्या सोयीने वागणारे पोलीस असे त्याचे कथानक. रजनीकांत त्याचे नायक असले तरी आमच्या लक्षात राहिली ती पुयल नावाची तरुणी. आंदोलनात पोलीस तिची सलवार ओढून काढतात. जमिनीवर एका बाजूला तिचे वस्त्र पडलेले असते, दुसऱ्या बाजूला काठी. ती काठीकडे हात नेते. वस्तीतली बाई म्हणजे रडणारी आई किंवा नाचणारी बारबाला, एवढेच बघायची सवय झालेल्या डोळ्यांना हे बघणे आवश्यक आहे.

आणि आपले स्वतःचे दुःख? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलाच्या गोळीबारात १० जण ठार झाले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबाराचे समर्थन होऊ शकत नाही असा निष्कर्ष काढला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला न्यायालयाने २००९ साली, बारा वर्षांनी, जन्मठेप सुनावली. या प्रकरणापासून आनंद पटवर्धन यांनी चित्रीकरण सुरू केले आणि २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण केला. त्यात नटनट्या नाहीत, गाडी हवेत उडत नाही. शाहीर विलास घोगरे आहेत, ज्यांनी त्या गोळीबारानंतर चार दिवसांनी आपले जीवन संपवले. त्यांच्यामागे राहिलेली माणसे आहेत. वस्तीतला माणूस येथे तोंड उघडून बोलतो.

कोणी म्हणेल, तुम्ही पोलीस खात्याच्या मागे लागला आहात. तसे नाही. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींत पोलिसांची आणि बौद्धांची कुटुंबे वर्षानुवर्षे शेजारी राहिली. आपली कितीतरी मुले-मुली भरतीसाठी पहाटे मैदानात धावतात आणि त्यांचा आम्हाला अभिमान आहे. बंदोबस्तात उभ्या शिपायाचे तास, त्याच्या रजा, त्याच्या मुलांचे शिक्षण हेही चित्रपटात येत नाही. तो एक तर विनोदी हवालदार असतो, नाही तर साहेबाच्या मागे धावणारा. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली पोलीस सुधारणांचा निकाल दिला. अधिकाऱ्याला ठरावीक मुदत एका जागी काम करू द्यावे आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळे प्राधिकरण असावे, हे त्यात होते. आमदाराच्या एका शब्दावर वेलणकर हलू नये, एवढ्याचसाठी हे असते. त्यात पोलिसांचेही भले आहे.

आपल्याला अंगुलिमालाची कथा माहीत आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ती मुद्दाम घेतली. त्या दरोडेखोराला पकडायला राजा पसेनदी घोडदळ घेऊन निघाला होता. पण त्याआधी तथागत एकटे, निःशस्त्र त्याच्यासमोर गेले. राजा आला तेव्हा अंगुलिमाल चीवर घालून बसलेला होता. राजाने तलवार उपसली नाही. गुन्हेगारही बदलू शकतो, हे ज्या धम्मात मान्य आहे, त्या धम्माच्या मुलांनी बांधलेल्या माणसावर गोळी झाडल्याबद्दल टाळी वाजवावी काय?

मुलांच्या हातून मोबाईल हिसकावून काही होणार नाही. त्यांच्या शेजारी बसा. प्रसंग संपला की एवढेच विचारा: याला कोर्टात नेले का? याच्या घरच्यांना कळवले का? याच्यावरचा आरोप कुणी तपासला? आणि उत्तर येईल तेव्हा त्यांना संविधान सांगा. अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केलेच पाहिजे आणि त्याला वकील मिळाला पाहिजे, हे कलम २२ सांगते. अटकेची वेळ व तारीख लिहून त्या कागदावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीची सही घेतली पाहिजे, नातेवाईकाला कळवले पाहिजे, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये सांगितले. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक कारण असेल तर दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते आणि अटक महिला अधिकाऱ्यानेच करायची असते. तक्रारदाराला एफआयआरची प्रत फुकट मिळते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायद्यांची नावे आणि कलमांचे आकडे बदलले, पण हे हक्क तसेच आहेत. २०२० साली तर प्रत्येक पोलीस ठाण्यात कोठडीसह सर्वत्र कॅमेरे बसवा, असा आदेश झाला.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून घाबरू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रियांना, कोठडीतल्या माणसाला आणि अनुसूचित जातीच्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून आलेले आपण बौद्धही त्यात बसतो. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक घराच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी लिहून ठेवा. पोलिसांविरुद्ध गंभीर तक्रार असेल तर राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. मध्यरात्री दार वाजले म्हणजे सिंघम येत नाही. तेव्हा ही चार वाक्ये ज्याला पाठ आहेत तो शेजारी उपयोगी पडतो.

त्या पोरांशी आमचे बोलणे झाले आहे. पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात 'जय भीम कॉम्रेड' लावायचे ठरले आहे. पडद्यासाठी चादर पोरेच आणणार आहेत आणि आजींना बसायला खुर्चीही तीच आणणार आहेत. आपापल्या विहारात तुम्हीही असे काही कराल तर आम्हाला जरूर कळवा.

जयभीम.